गार ठेवायचा कॅन

क्रांतीच्या बाबांना केशरचा जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? आत्याबाईंचा खोकला थांबला का? धाकटी शेळी चारा खाते ना? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

इथे तुर्भ्यात मी बरी आहे. जावई लेकासारखे वागतात. क्रांतीचं बीपी मात्र चढलेलंच, पायही भोपळ्यासारखे सुजलेत. लघवीतून प्रोटीन किती जातं ते मोजायला हॉस्पिटलने मोठा कॅन दिला. एका दिवस-रात्रीची सगळी लघवी त्यात साठवायची आणि कॅन गार ठेवायचा. मी ओलं फडकं गुंडाळून तो मोरीत ठेवला. शेजारची राजश्री विचारते, "मावशी, गावाहून ताक आणलंत? आमाला पण द्या की!" क्रांती पोट धरून हसली हो, किती दिवसांनी.

काल रिपोर्ट आला. प्रोटीन फार जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबलो तर मुलीच्या जिवाला धोका. उद्याच कळा आणून बाळंत करू." सहावाच महिना चालू आहे. मी विचारलं, "आणि बाळ?" त्यांनी माझा हात धरला.

क्रांतीला सगळं समजलंय. पोटावर हात ठेवून पडून आहे. पत्र पोचेल तोवर होऊन गेलेलं असेल. आपली पोर वाचेल, एवढं मनात धरून दोन घास खात जा.

तिला चार ओळी लिहा. तुम्ही नावं शोधून ठेवलीत, मला ठाऊक आहे. ती तेवढी लिहू नका. पण लवकर लिहा.

तुमची,
केशर