उताराबद्दल तुझा शब्द

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी ठीक आहे. तू ठीक असणारच, तुला बिघडायला वेळ कुठे असतो.

काम बदललं. रागावू नकोस, या वेळी फक्त कामच बदललं, गाव तेच आहे. गोदामात उभं राहून पायांना मुंग्या यायच्या, म्हणून एका रोपवाटिकेत लागलो. हिरव्या जाळीखाली बसायचं, पिशव्यांत माती भरायची, रोप लावायचं, पाणी घालायचं. मुकादम म्हणतो की माझा हात चांगला आहे, बूड मात्र टेकत नाही. मी म्हटलं, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

आता खरी बातमी. तुझ्याच विद्यापीठाची मोठी ऑर्डर आली आहे. सरळसोट, भराभर वाढणारी झाडं. ती पार पडली की मालक मला कायम करणार आणि जाळीमागची खोली देणार, खिडकीची. मी ऐटीत सांगितलं की तिथे माझी बहीण पीएच.डी. करते. मुकादमाने विचारलं कशात. म्हटलं हवामानात. तो म्हणाला, मग उद्या पाऊस आहे का ते विचार. तेवढं कळव. आणि ही झाडं तुम्ही लावणार कुठे? तुमच्या आवारात तर जिकडेतिकडे गाड्याच उभ्या असतात.

बाबा काढतात का माझं नाव? काढत नसतील तर विचारू नकोस.

लोभ आहेच तुझा, थोडा जास्तीचा पाठव, इथे लागतो.

तुझा धाकटा,
भिंगरी


ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. पाऊस नाही.

तुझी झाडं आपल्या उतारावर लागणार आहेत. आपल्याच, झऱ्यावरच्या, गवताच्या. विद्यापीठाने आपला धूर शून्यावर आणायचं जाहीर केलं आहे. बॉयलर बदलायला फार वर्षं लागतील असं निघालं, तेव्हा तो धूर शोषायला झाडं लावू म्हणून वातावरण समितीने नकाशा उघडला आणि त्यांना आपला उतार रिकामा दिसला. समितीच्या खोलीत एसी एवढा असतो की मी शाल घेऊन बसते.

मी सांगितलं की तो रिकामा नाही. आपले लोक दरवर्षी उन्हाळ्याआधी त्यातला एक पट्टा जाळतात, बाकीचं गवत कापतात, म्हणून तिथे मोठी आग लागत नाही आणि खालचा झरा आटत नाही. माझा सगळा प्रबंध एवढाच आहे, की विद्यापीठाने आधी स्वतःचा बॉयलर बघावा, आणि डोंगराचं काही करायचंच तर इथल्या मूळ लोकांना विचारून, त्यांच्या रीतीने करावं. विद्यापीठ उभं आहे ती सपाटीही आपल्याच लोकांची. तेव्हा विचारायचं राहून गेलं. आता माझ्या मार्गदर्शक बाईंनी समितीकडून कबूल करून घेतलं की विचारू. समितीला वाटलं, एका दुपारचं काम.

रीत तुला माहीत आहे. उताराचं ठरवताना घरटी नाही, माणशी विचारायचं, तो गावात असो की बाहेर. प्रत्येकाने स्वतःचा शब्द द्यायचा, आणि एकाचाही राहिला तर बैठक उठत नाही. बैठक चालवायला आत्या मध्ये बसली होती. गावातल्या सगळ्यांचे शब्द आले, एक बाबा सोडून. बाबा म्हणाले, पोरगा म्हणेल ते.

तेव्हा तुझा शब्द पाठव. काय पाठवायचं ते मी सांगू शकत नाही. संशोधन करणाऱ्याने कुणाच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत असा नियम आहे. बहीण म्हणून सांगितलं असतं, पण सध्या आम्ही दोघी एकाच खुर्चीत बसतो. निर्णय झाल्याशिवाय माझं शेवटचं प्रकरण लिहून होणार नाही, हे मात्र दोघी मिळून कळवतो.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया होती तेवढीच आहे, वाढवायला जागा नाही.

तुझी ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं, मजकूर तोच होता.

आता पिशव्या भरताना चमत्कारिक वाटतं. आपल्याच अंगणात कुणाचं तरी सामान उतरवून घेतोय, आणि वर त्याचा पगार. पण ताई, मी आजवर कुठे कायम झालेलो नाही. शाळेतसुद्धा नाही. मालकाने खोलीची किल्ली दाखवली, हातात दिली नाही, नुसती दाखवली. तरी बरं वाटलं.

खूप विचार करून शब्द काढला आहे. बैठकीत असा सांग: बाबा म्हणतील ते. उतारातलं त्यांना कळतं, पट्टा पेटवायचा मान त्यांचा, मी कोण सांगणारा. मुकादमाला हे ऐकवलं तर म्हणाला, तू वकील व्हायला हवा होतास. म्हटलं, शाळा आडवी आली.

आत्याला नमस्कार सांग. तू रागावली असशील तर राग टपालाने पाठव, मी नाहीतरी लांबच आहे.

तुझा,
भिंगरी


ता. १४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, मागच्यापेक्षा कमी.

तुझा शब्द बैठकीत वाचून दाखवला. बाबा म्हणतात पोरगा म्हणेल ते, आणि पोरगा म्हणतो बाबा म्हणतील ते. आत्याने पत्र उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग सगळ्यांना जेवून या म्हणाली. बैठक अजून चालू आहे.

समितीचे अध्यक्ष मला गाठून विचारतात की रोपवाटिकेतल्या एका मजुरापायी विद्यापीठाचं धोरण अडलं आहे, हे वर कसं कळवायचं. मी म्हणते, असंच कळवा. त्यांनी सुचवलं की गाव सोडून गेलेल्यांना वगळावं. ते मी बैठकीत सांगितलं तेव्हा काही माना हलल्या. बाबा उठून उभे राहिले. ते बैठकीत उठत नाहीत हे तुला माहीत आहे. म्हणाले की तो गेलेला नाही, कामावर आहे. आणि खाली बसले.

‘पोरगा म्हणेल ते’ सोडलं, तर तू न सांगता निघालास त्यानंतर तुझ्याबद्दल ते बोलले ते एवढंच.

खोलीचं मला समजतं. तू झाडांना हो म्हणालास तरी मी तुझी ताईच राहीन, प्रकरण वेगळं लिहीन. पण शब्द तुझा स्वतःचा हवा. आणि तो आता मला नको पाठवूस, बाबांना लिही.

नीट राहा. मायेचं काय लिहायचं, बैठकीत बसून बसून पाठ धरली आहे.

तुझी ताई


ता. २५ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुम्हाला पहिल्यांदाच लिहितोय. अक्षर लागलं नाही तर ताईकडून वाचून घ्या.

माझा शब्द गवत. झाडं नकोत.

झऱ्याचं बाकीच्यांनी सांगितलंच असेल. माझं वेगळं आहे. उतारावर गुरांमागे बसलं की लांबचा रस्ता दिसायचा. तो बघून बघूनच मी निघालो. झाडं वाढली की रस्ता दिसणार नाही. मग तिथे बसणाऱ्याला जायचंय की राहायचंय हे कळणार कसं?

मालकाला सांगून टाकलं की ऑर्डर बहुतेक बुडणार आणि त्यात माझा हात आहे. ते चिडले नाहीत. म्हणाले, मग महिनाअखेरपर्यंतच ये. खोली मुकादमाच्या मेव्हण्याला दिली. खिडकी मी एकदा उघडून पाहिली होती, समोर भिंत आहे. मनाची समजूत म्हणून लिहीत नाही, खरंच भिंत आहे.

आता तुमचा शब्द द्या. पोरगा म्हणेल ते, हे चालणार नाही. आत्यालाही तसं वेगळं कार्ड टाकलं आहे.

न सांगता निघालो, ते सांगितलं असतं तर निघता आलं नसतं म्हणून. राग असेल तर असू द्या, सोबत थोडा लोभही असावा.

तुमचा,
भिंगरी


ता. ५ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर लागलं.

बैठक उठली. उतारावर झाडं लागणार नाहीत. समिती बॉयलरचं बघायला लागली असं ताई म्हणते. ती दिवसभर लिहीत बसलेली असते, हाक मारली तर ओ देत नाही.

माझाही शब्द गवत. आत्याने विचारलं, पोराचं ऐकून म्हणतोस का. म्हटलं नाही, पहिल्या दिवसापासून गवतच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, आमच्या पाठी मोडल्या. मी सांगितलं की तेव्हा सांगितलं असतं तर तो ताईला दोन ओळी टाकून मोकळा झाला असता. मला पत्र कशाला लिहिलं असतं.

हे प्रबंधात घालू का म्हणून ताईने विचारलं. नको म्हटलं. समितीला ती आपली रीतच वाटू दे.

काम सुटलं त्याचं वाईट वाटलं. नवं मिळेल तिथला पत्ता कळव. शब्द मागायला मी काहीतरी काढीन.

तुझे बाबा