अंगणात विचारलेला प्रश्न

मंगळवार, ४

वीट आलाय! शहरातले मनाचे डॉक्टर आज वरच्या वस्तीवर आले – बरोबर फोटोवाला. ज्या बाईसाठी मी त्यांना बोलावलं, तिचा नवरा महिन्यापूर्वी दरडीखाली गेला. तेव्हापासून तिचं जेवण सुटलंय, कड्याशी जाऊन बसते. सासूच खाली दवाखान्यात येऊन म्हणाली होती, "नर्सबाई, माझ्या सुनेकडे बघा."

डॉक्टरांनी तिला अंगणात खुर्चीवर बसवलं. भोवती दीर, चुलतसासरे, निम्मी वस्ती. सगळ्यांदेखत विचारलं, "आत्महत्येचे विचार येतात?"

"नाही."

दुसरं काय म्हणणार होती!

फॉर्मवर फुली – धोका नाही. मग म्हणे, जरा हसा. फोटो! शी! आणि मी? फाईल धरून उभी.

बुधवार, ५

डॉक्टरांना फोन केला – तिला एकटीला भेटा. "सिस्टर, डोंगरातली माणसं अबोलच असतात. त्यांची संस्कृती समजून घ्या." संस्कृती! किळस आली. फोन ठेवून हात धुतले.

गुरुवार, ६

एकटीच वर गेले. सासूने पुरुषांना कामाला पिटाळलं, आम्हा दोघींना गोठ्यात घालून दार ओढून घेतलं. ती धार काढत होती, मी शेण ओढायला लागले. बादली अर्धी भरल्यावर विचारलं, "नवऱ्याच्या मागे जावंसं वाटतं?"

तिचे हात थांबले. "रोज." मग – "पण गाईला दुसऱ्याचा हात चालत नाही. म्हणून उद्यावर ढकलते."

म्हटलं, खाली मोठ्या दवाखान्यात चल. तिथल्या डॉक्टरीणबाई दार लावून बोलतात.

"आत्याबाई येत असतील तर येते." सासूशिवाय पाऊल उचलणार नव्हती.

शुक्रवार, ७

दीर आडवा आला. "लोक वेडी म्हणतील!"

सासू कडाडली, "म्हणू देत. वेडी म्हणायला तरी ती हवी ना?" आणि बादली त्याच्याच हातात दिली. गाय लाथ घालणार त्याला. घालू दे!

शनिवार, ८

सून गाडीत बसली. सासूने पायरीवर पाय ठेवला, पुन्हा खाली घेतला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, दवाखान्याच्या चिठ्ठीवर माझंही नाव घाला. मलाही रोज वाटतं."

मुलगा तिचा गेला होता. महिनाभरात तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.