पायदळ माणसाचा हिरवा दिवा

बाबा, तुम्ही गेल्यावर तुमच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज बोलायचं आहे. निदान आज तरी मधे बोलू नका.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी कळलं नाही. चौकात पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल बसवतात ना, त्यांची आखणी मी करते. गाड्या किती वेळ थांबवायच्या, माणसांना पलीकडे जायला किती वेळ द्यायचा, हे ठरवते. कापसाच्या गाठी लादून अख्खा विदर्भ पालथा घालणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या पोरीनं हेच काम धरावं, याचं तुम्हाला हसू आलं असतं. धरलं ते तुमच्यामुळेच, पण कौतुकानं नव्हे.

तिवस्यात आपलं घर हायवेच्या अलीकडे आणि बाजार पलीकडे. बाजाराच्या दिवशी तुम्ही घरी असलात की आपण तिघं निघायचो. गाड्यांमधली फट हेरून तुम्ही सरळ निघून जायचात. माय एका हातानं पदर सावरत, दुसऱ्यानं माझं मनगट आवळून अलीकडेच उभी. ट्रकमागून ट्रक जातात. पलीकडून तुमचा आवाज येतो आणि सगळा बाजार वळून बघतो, "काहून उभी राहिली तिथं? पाय नाहीत का तुले?" आम्ही धापा टाकत पोचलो की तुमचं ठरलेलं वाक्य, "रस्ता गाडीचा असते. पायदळ माणसानं जीव सांभाळून राहावं. भरली गाडी जागेवर थांबत नाही." माय मान हलवायची. मला तुमचा तेव्हा फार राग यायचा.

भरली गाडी जागेवर थांबत नाही, हे मात्र खरं होतं. अकोल्यातल्या एका चौकाची आखणी करताना मी पिवळा दिवा जरा लांबवला, तो तुमच्यासारख्यांसाठी. थांबायची रेघही रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपासून मागे घेतली. ड्रायव्हरला उगाच ताटकळत ठेवलं की तो गाडी हळूहळू पुढे रेटतो, आणि चालणाऱ्याला ठेवलं की तो जीव मुठीत धरून पळत सुटतो. म्हणून थांबणं दोघांचंही कमीच ठेवलं. चालायचा वेळ मात्र मायच्या चालीनं धरला. गुडघे दुखतात तिचे आता, एकेक पाऊल टाकत चालते. तेवढ्या वेळासाठी मी आमच्या साहेबांशी खूप भांडले.

माय हल्ली माझ्याकडेच असते. चाचणीच्या दिवशी तिला मुद्दाम घेऊन गेले. पायदळ माणसांचा दिवा हिरवा झाला, गाड्या थांबल्या, सर्वांत पुढे एक ट्रक. बाकीचे लोक चालू लागले, माय हलेना. मी चल म्हटलं, तर तिनं हात सोडवून घेतला आणि ट्रकवाल्याला खुणावलं, जा तू. तो लाल दिव्यात सुटला, त्याच्यामागे आणखी गाड्या सुटल्या, आणि पट्ट्यांवरची माणसं मागे पळाली. नशीब, कुणाला लागलं नाही. माय शांतपणे म्हणाली, "जाऊ दे ना त्याईले. त्याईले कामं असतात. आपल्यासाठी कायले खोळंबा?"

साहेब शेजारीच होते. "पाहा मॅडम, पायदळ लोकाईलेच वेळ नाही पाहिजे. मंग आपण कायले गाड्या अडवून राहिलो?" चालायचा वेळ त्यांनी निम्म्यावर आणला. आता तिथं तरणी पोरंही धावतात. गाड्यांना आता कमी थांबावं लागतं हे मायला सांगितलं, तर तिला बरंच वाटलं.

आपण म्हणजे कुणाच्या तरी वाटेतली अडचण, एवढी एकच गोष्ट तुम्ही तिला जन्मभर शिकवलीत, आणि ती चोख शिकली. हे लिहिलेले कागद मी कुठंही पाठवणार नाही. तुमच्यावरचा राग जुना झालाय, बोथट झालाय. खरं सांगू? त्या दिवशी चौकात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तुमच्यामुळे नाही, तिच्यामुळे. पण ती जिवंत आहे, समोर बसून मेथी निवडतेय, आणि तिला बोलले तर नेहमीसारखी मान हलवेल. म्हणून तुम्हाला लिहिलं.