राहून गेलेल्या पट्ट्या

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार.

इथं डकोटात माझं बरं चाललंय. जेवण गरम मिळतं, आईनं विणलेले मोजे रोज घालतो. तिचा गुडघा कसा आहे?

आपल्याकडे जमीन गोठली, आता ती उकरता येणार नाही, असं आई फोनवर म्हणाली. तुम्ही मात्र फक्त माझ्या जेवणाची चौकशी केलीत. माझ्याच सांगण्यावरून तुम्ही यंदा नांगरट केली नाही. मका पेरायच्या ओळींपुरत्याच पट्ट्या उकरू, मधली धसकटं राहू देऊ, मशीन घेऊन मीच येतो, असं म्हणालो होतो. पण इथं कामामागून काम मिळत गेलं आणि मी लोकांचीच शेतं करत राहिलो. कॉफीला बसलं की ऑर्विलकाका तुम्हाला, "काय रे, नांगर विकलास की काय?" म्हणून छळत असतील.

आज एका म्हाताऱ्याचं शेत केलं. तो तुमच्यासारखाच मशीनमागून चालत, वाकून पट्टीतली माती चिमटीत घेऊन बघत होता. काम झाल्यावर म्हणाला, "पोरा, तुमच्या घरच्या पट्ट्या झाल्या का?"

मी म्हणालो, "हो, सगळ्यात आधी."

"नशीबवान आहे तुझा बाप," तो म्हणाला.

त्याच्याशी हात मिळवायला मी ट्रॅक्टरवरून खाली उतरलो नाही.

तुमचाच,
लाइल