दोर धरणाऱ्या चौघी

कुरिंबा,
१४ सप्टेंबर १९८०

ती. मर्लआत्या हीस,
कॉरीनचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान धरते. पण कारण ऐकलंस की रागावणार नाहीस. जुलैपासून देशभरच्या जीवरक्षक क्लबांचा नियम बदलला. मुलींनाही पूर्ण सभासद होता येतं आणि ब्राँझ पदकाच्या परीक्षेला बसता येतं. आम्ही पाच जणी पहिल्याच दिवशी नावं घालून मोकळ्या झालो. आजवर मुलींचं काम काय, तर सँडविचं करायची आणि मुलगे पाण्यातून बाहेर आले की टाळ्या वाजवायच्या. आता सँडविचं कोण करणार, या विषयावर समितीची दोन तास बैठक झाली म्हणे.

पॅस्कोकाका आम्हाला शिकवतात. तोंड असं करतात, जसं कुणी त्यांच्या चहात खारं पाणी ओतलंय. पहाटे सहाला बोलावतात, आम्ही कंटाळून पळू या आशेनं. पण आत्या, त्या वेळचा समुद्र तू पाहायला हवास! धुकं खाली उतरलेलं असतं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. आपण पोहत नसून कुणाच्या तरी झोपेतून चाललोय असं वाटतं. आमच्या पाच जणींतली बेव्ह म्हणते की माझं डोकं फिरलंय. फिरलं असेल.

खरी बातमी पुढेच आहे. क्लबाची अडगळ आवरताना एक फोटो सापडला. बुडणाऱ्याला ओढून काढायच्या दोराच्या मोठ्या रिळाशी चार मुली उभ्या, टोप्या हनुवटीखाली घट्ट बांधलेल्या, मागे १९४३ लिहिलेलं. त्यातली नाक वर करून बघणारी तू! एवढी मोठी गोष्ट घरात कुणी बोललं कसं नाही? बाबांना विचारलं तर ते म्हणाले की ती तुझ्या आत्याची गोष्ट आहे, तिलाच विचार, आणि कुंपण रंगवायला निघून गेले. कुंपण गेल्याच महिन्यात रंगवलंय.

क्लब तुम्हा चौघींच्या नावाची पाटी लावणार आहे. १४ डिसेंबरला आमची परीक्षा, आणि पदकं तुझ्या हातून द्यावीत अशी सगळ्यांची इच्छा आहे. येशील ना? समुद्राकाठी जन्मलेली बाई त्या कोरड्या कोबारमध्ये शाळेची बस का चालवते, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. ते समजेपर्यंतसुद्धा माया कमी करू नकोस.

तुझी,
कॉरीन

कोबार,
२८ सप्टेंबर १९८०

चि. कॉरीन हीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसच्या बॉनेटवर ठेवून वाचलं आणि मुलांना शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. मुलं तुझ्यावर खूश आहेत.

होय, ती मीच. मी एकोणीस वर्षांची होते. क्लबातले धडधाकट पुरुष लढाईवर गेले आणि किनाऱ्यावर उरलं कोण, तर गुडघे धरून चालणारे म्हातारे. मग एटी, युना, डॉट आणि मी अशा चौघींनी रीळ ओढत वाळूवर आणलं. दोन उन्हाळे तो किनारा आम्ही राखला. सिडनीहून परीक्षक आले, चौघी पास झालो. त्यांनी हात मिळवले, शाबासकी दिली, आणि तीन आठवड्यांनी पत्र आलं की पदक फक्त पुरुषांना देता येतं. एटीनं त्या पत्राची होडी करून पाण्यात सोडली.

इथे आता धुळीचे दिवस आहेत. दुपारी बस उभी करून मी जरा डोळे मिटते. लांब सपाटीवर ऊन असं हलतं की भरती आल्यासारखी वाटते. पवनचक्कीचा आवाज लाटेसारखा येतो नि जातो. डोळे उघडले की समोर कुंपण आणि तीन मेंढ्या. रोज फसते तरी रोज डोळे मिटते.

पण पोरी, मला यायला सांगू नकोस. आणि पाटीवर माझं नाव नको. बाकी तिघींची घाला, त्यांचा हक्क आहे. कारण विचारू नकोस. एटी अजून तिथेच दुधाच्या दुकानात असेल. तिलाही या बाबतीत काही विचारू नकोस.

एक मात्र सांगते. दोर हातात आला की सावकाश. तुझ्यात आपल्या घराण्याची घाई आहे. अभ्यास नीट कर, पॅस्कोला उलट बोलू नकोस, निदान परीक्षेपर्यंत. तुझ्यावरची माया इथल्या उन्हातही सुकलेली नाही, एवढं जाणून अस.

तुझी आत्या,
मर्ल

कुरिंबा,
१९ ऑक्टोबर १९८०

ती. मर्लआत्या हीस,
सा. न. वि. वि.

आज मस्करी नाही. मी परीक्षेला बसणार नाहीये.

काल सराव होता. बेव्ह कमरेला पट्टा बांधून लाटांपलीकडे गेली. तिच्या पट्ट्याचा दोर आमच्या हातात, सगळ्यांत पुढे मी. तिनं बुडणाऱ्याचं सोंग घेतलेल्या मुलाला धरलं, हात वर केला. हात वर म्हणजे ओढा. मी ओढायला लागले. मागून मोठी लाट उठली. अशा वेळी थांबून दोर सैल सोडायचा असतो, हे मला पाठ आहे. पण मी घाबरून दुप्पट जोरानं ओढलं. बेव्ह लाटेच्या पोटातून खालून खालून ओढली गेली. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे होते. पाच मिनिटं खोकत होती.

पॅस्कोकाका सगळ्यांसमोर ओरडले, की चव्वेचाळीस साली मर्लनं एटीचं हेच केलं, म्हणून मुलींची गस्त बंद झाली, आणि आता तिची भाची तेच करतेय. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, मला टॉवेल आणून दिला.

बेव्हनं मला माफ केलंय. मीच माझ्या हातांकडे बघू शकत नाही. आत्या, तुझंही हेच झालं का? म्हणून तू गेलीस? तसं असेल तर मलाही तिकडेच बोलाव. बस धुवायला कुणी तरी लागत असेलच. जवळ घेशील ना?

कॉरीन

कोबार,
२ नोव्हेंबर १९८०

चि. कॉरीन,
अनेक आशीर्वाद.

तू इथे यायचं नाहीस. बस मी स्वतः धुते.

छत्तीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. १९४४ चा फेब्रुवारी होता. रजेवर आलेला एक सैनिक प्रवाहाच्या ओढीत सापडला. पट्टा एटीनं बांधला, कारण तिच्यासारखं पोहणारं आमच्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात ती सिडनीच्या शर्यतीत उतरणार होती. तिनं त्याला गाठलं, हात वर केला. दोर माझ्याकडे होता. मागे लाट उठली. युना ओरडली की सैल सोड. मी ओढत राहिले.

दोघंही बाहेर आले. तो माणूस शुद्धीवर होता, एटी नव्हती. पुढे तिला न्यूमोनिया झाला आणि डावं फुप्फुस कायमचं गेलं. ती पुन्हा कधी पोहली नाही. मी दवाखान्याच्या दारापर्यंत तीनदा गेले, आत एकदाही नाही. एप्रिलमध्ये कोबारला काम मिळालं, मी काढता पाय घेतला. तिचं एक पत्र आलं होतं, ये, आपण भेटू असं. मी उत्तर दिलं नाही. ती पोहत होती ते पाणी मला अजून झोपेत दिसतं, हिरवं, स्वच्छ, आणि त्यात कुणी नसतं.

आता नीट ऐक. दोष तुझ्या हातांचा नाही. तू लाटेकडे बघितलंस, मीही लाटेकडेच बघितलं होतं. बघायचं पट्टेवालीकडे. ती दिसतेय तोवर ओढ, दिसेनाशी झाली की थांब. उद्या पहाटे जा आणि बेव्हला पुन्हा पाण्यात पाठव. तिनं माफ केलंय म्हणतेस ना? मग तिच्या माफीचा मान राख. मला तेवढं जमलं नाही.

मी मात्र येऊ शकत नाही. कोणत्या तोंडानं येऊ? तू मात्र माझ्याकडे पूर्वीच्याच नजरेनं बघ, एवढं मागते.

मर्ल

कुरिंबा,
१६ नोव्हेंबर १९८०

प्रिय मर्ल,
स. न. वि. वि. (हे लिहिताना हात आखडतोय, पण रीत ती रीत.)

तुझी भाची माझ्या दुकानात आली, एक मिल्कशेक मागवला, तो प्यायली नाही, आणि तुझं पत्र माझ्यापुढे ठेवून रडली. परवानगी न घेता दाखवलं म्हणून तिला रागावू नकोस. ती पुन्हा दोर धरतेय. रोज पहाटे मी खिडकीतून बघते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाईसाहेब, छत्तीस वर्षं तुम्ही चुकीच्या गोष्टीबद्दल रडताय.

दोर तू जोरात ओढलास, हे खरं आहे. माझं फुप्फुस गेलं हेही खरं. मी तुझ्यावर रागावले, चांगली दोन वर्षं रागावले, जिना चढताना तर नाव घेऊन शिव्या दिल्या. मग तो राग संपला. एकोणीस वर्षांच्या पोरीचे हात घाबरले, त्याला काय करणार?

पण तू पळालीस, त्याचा राग अजून आहे. रिळाला चौघी लागतात. मी खाटेवर, तू कोबारला, उरल्या युना आणि डॉट. त्या दोघी समितीपुढे गेल्या, म्हणाल्या की आणखी दोघी शिकवून तयार करतो. अध्यक्ष हॅलोरन म्हणाले की दोर धरणारी स्वतःच घाबरून पळाली, मुलींना झेपत नाही याला आणखी पुरावा कशाला? गस्त बंद. लढाई संपली, पुरुष परत आले, आणि आम्ही सँडविचांकडे. तेव्हापासून या किनाऱ्यावर कोणत्याही मुलीनं पट्टा मागितला की तुझंच उदाहरण तोंडावर फेकतात. पॅस्को परवा बोलला ते उगाच नाही.

तेव्हा १४ डिसेंबरला ये. माझी माफी मागायला नको, ती तुला केव्हाच मिळालीय, तू घ्यायला आली नाहीस एवढंच. ये, आणि सगळ्यांसमोर उभी राहून सांग की चूक एकीची होती, पळाली एकटी, आणि बाकी तिघींना तो किनारा झेपत होता. हॅलोरन जिवंत आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं सांग.

तुझी जुनी खोली रिकामी आहे का ते तुझ्या भावाला विचारू नकोस. माझ्याकडे उतर. दुकानावरची खोली लहान आहे, पण लाटांचा आवाज फुकट मिळतो. स्नेह उरलाय की नाही ते येऊन बघ.

एटी

कोबार,
२४ नोव्हेंबर १९८०

प्रिय एटी,
स. न.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळच्या बसनं पोचते. इतका लांब प्रवास दुसऱ्या कुणी तरी चालवलेल्या बसमधून करायची सवय नाही, त्यामुळे ड्रायव्हरशी भांडण होईल.

मोठ्यानं सांगेन. मधेच थांबले तर मागून कोपर मार.

मर्ल

कुरिंबा,
२१ डिसेंबर १९८०

प्रिय मर्ल,
स. न. वि. वि. (या खेपेला हात आखडला नाही.)

तू गेल्यावर आठवडाभर दुकानात दुसरा विषय नाही. तू एवढ्या मोठ्यानं बोललीस की बक्षिसाच्या टेबलावरचा केक कापणारी बाई सुरी धरून तशीच उभी राहिली. तू संपवलंस तेव्हा कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा पळणार. मग हॅलोरन काठी टेकत उठले. डोक्यावरची टोपी काढली आणि युनाच्या नि डॉटच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना एवढंच जमतं, आणि डॉटला ते पुरलं.

पोरींनी नाव काढलं. कॉरीनचे हात मी आठवून आठवून बघते. लाट आली की ती थांबायची, डोळे बेव्हवर, जणू आख्खा समुद्र तिला विचारून हलत होता. पाचव्या पदकाची पिन तू चुकून तिच्या कातडीत टोचलीस, ते ती आता सगळ्यांना दाखवत फिरते. सोमवारी क्लबात अकरा बायकांनी नावं घातली. त्यात बेकरीवाल्याची बायको आहे, वय चव्वेचाळीस. पाटीही लागली, चौघींची नावं आहेत. तुझं पुसायला गेलीस तर याद राख.

आता माझी पाळी. तू सगळ्यांसमोर तुझं सांगितलंस, मी माझं तुला एकटीला सांगते, कारण मी तुझ्याएवढी धीट नाही.

तू बोलताना एक गोष्ट गाळलीस, मर्ल. तो माणूस जगला. तू एकदाही विचारलं नाहीस की तो कोण होता. त्याचं नाव क्लॅरी टिंडल, लीटन गावाकडचा, तिथे त्याची जर्दाळूंची बाग. लढाईनंतर तो मला शोधत आला. तेव्हापासून दर डिसेंबरला जर्दाळूंची एक पेटी दुकानात यायची. पहिल्या वर्षी त्यानं दोन पेट्या आणल्या होत्या. एक पोहून आलेलीला आणि एक दोर ओढलेलीला, असं म्हणाला. दुसरीचं नाव विचारून घेतलं आणि तिचा पत्ता दे म्हणाला. मी सांगितलं की मला माहीत नाही. माहीत होता. त्यावर मी पत्र टाकून उत्तराची वाट बघत होते. राग होता गं. तो दर वर्षी विचारायचा, मी दर वर्षी मान हलवायचे. दोन वर्षांपूर्वी तो गेला. तुला त्याचे आभार पोचू दिले नाहीत ते मी. तू एकटी तिकडे रिकामं पाणी बघत बसलीस, आणि इथे एक माणूस तीन मुलं वाढवत होता, हे मला तुला कळवता आलं असतं.

काल त्याची धाकटी मुलगी पेटी घेऊन आली. वर्तमानपत्रात तुझं नाव वाचून आली होती. या खेपेला मी पत्ता दिला. ताजी फळं कोबारपर्यंत टिकणार नाहीत, म्हणून तुझ्या वाटणीचा मुरांबा करून सोबत पाठवतेय, सहा बरण्या. त्यातली एक फुटली तर पोस्टावर चिडू नकोस. ती मुलगी पुढच्या आठवड्यात तुला भेटायला तुझ्या दारात येईल. नाव विचार. तिच्या बापानं तिचं मधलं नाव मर्ल ठेवलंय.

एटी