आधी भांडं, मग आग

अप्पा, आज घरात नवी शेगडी आली. तुम्ही गेल्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण शेगडीचं तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?

मी सातवीत असताना एकदा तुम्ही चष्मा घरी विसरलात आणि तो द्यायला आईने मला, तुम्ही आचारी होतात त्या ठाण्यातल्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पाठवलं. मागच्या दाराने आत आले आणि तिथेच थांबले. तीन भट्ट्या एकदम घोंघावतायत. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून कांदा चिरताय आणि मधेच, न वळता म्हणता, "काका, मधली कमी करा, डाळ खाली लागतेय." तुमच्याहून वयाने मोठे असलेले मदतनीस धावतात. "तुम्हाला दिसलं कसं?" मी विचारलं. "दिसत नाही गं. आवाज जड होतो." मी कान देऊन ऐकलं, मला काहीच वेगळं कळलं नाही. तीनशे माणसांची आमटी तुम्ही कानाने करत होता. देवळातही मला कधी तसं वाटलेलं नाही.

लग्नानंतर आम्ही डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला राहायला आलो. दोन वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर काढली, मग गॅसचा नंबर लागला. शेगडी घ्यायला तुम्ही मुद्दाम ठाण्याहून आलात. आधीच बजावलं होतंत, "रोजच्या आमटीचं पातेलं घेऊन ये. आधी भांडं, मग आग." दुकानात एक स्टीलची, दोन बर्नरची शेगडी होती, सगळ्यांच्या घरी असते तशी. शेजारी लोखंडी चौकटीची, जाड ओतीव बर्नरची, हॉटेलात असते ती. दुकानदाराने ती पेटवली आणि तोच घोंघावणारा आवाज आला. माझं तिथेच ठरलं.

"पातेलं दे," शेगडीवर वाकून तुम्ही म्हणालात.

"विसरले," हातातली मेथीची पिशवी खाली ठेवत मी म्हटलं.

दुकानदार हसला. "काका, शेगडी घेताय की पातेल्याला स्थळ बघताय?"

"स्थळच बघतोय," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "अगं, माणसं दोन. एवढी आग कोणासाठी?"

"मी तुमची मुलगी आहे. मला जमेल."

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरं."

जमलं नाही. ज्वाळा पातेल्याच्या कडेने वर चढायच्या. आमटी खाली लागायची, वर कच्ची राहायची. करपलेली डाळ कॅन्टीनमध्ये तुम्ही मोरीत ओतायला लावायचात. माझ्याकडे रविवारी येऊन तीच खायचात आणि "छान झालीय" म्हणायचात. एका रविवारी मला ताप होता, तेव्हा तुम्हीच ओट्याशी उभे राहिलात. मी कॉटवरून बघतेय. त्या दांडग्या बर्नरवर तुम्ही मेणबत्तीएवढी निळी आग आणलीत आणि आमटी होईपर्यंत चावीवरचा हात काढला नाहीत. डोळे मिटलेले. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. तोवर मला वाटत होतं, कॅन्टीनमधलं ते सगळं शेगडीचंच असतं.

तुम्ही गेल्यावर ती शेगडी मी एका खानावळीला देऊन टाकली. आज आणलेलीही त्यानंतरच्या सगळ्यांसारखी साधी, दोन बर्नरची आहे. दुकानात पातेलं घेऊन गेले होते, तेच, काठाला काळं झालेलं. विकणारी मुलगी हसली, मीही हसले.

हे पत्र मसाल्याच्या डब्याखाली ठेवीन, तिथेच राहील. एक मात्र सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी पातेलं विसरले नव्हते. ते मेथीखाली होतं. बर्नरवर ठेवलं असतं तर तुम्ही लगेच नाही म्हणाला असता, आणि मला तीच शेगडी हवी होती. पिशवी खाली ठेवताना त्याचं झाकण वाजलं. अगदी बारीक. शेगडीच्या आवाजात दुकानदाराला ऐकूही गेलं नसेल. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे होता, अप्पा.