इंजिन गार होईपर्यंत

आई,

रिकाम्या तांब्याच्या हंड्याला फडकं बांधून तू पहिली घागर ओतायचीस, तेव्हा आधी तळाशी टणटण व्हायचं. मग आवाज हळूहळू जाड होत जायचा आणि हंडा भरत आला की कुणी गळ्यातल्या गळ्यात ओवी म्हणावी तसा राहायचा. मी घोंगडीत डोळे मिटून ऐकायचो. तो आवाज आज दुपारपासून कानातून जात नाही. तुला जाऊन जन्म लोटला. ती विहीर, तो गोठा, सगळं धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि मी म्हातारपणी त्याच पाण्यावर लाँच चालवतो. चालवतो म्हणजे, चालवत होतो. सध्या ती काठाला बांधलेली आहे, इंजिनाचा फुफाटा झालाय, आणि ते गार झाल्याशिवाय हात लावायची सोय नाही. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर त्याला तडा जातो. "तापल्या तव्यावर पानी मारू नगं, तवा रडतो," हे तर तुझंच. म्हणून घरी येऊन बसलोय आणि तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहू?

तुझी सून संक्रांतीपासून पलीकडच्या काठावर, भावाकडे आहे. भांडण एवढंच, की पोरगा बारामतीला नोकरीला, त्यानं तिथं दोन खोल्या घेतल्या, "दोघंबी या" म्हणतो. ती तयार. मी म्हणालो, पाणी सोडून मला झोप यायची नाही. ती म्हणाली, "मग पान्याशीच लगीन लावायचं हुतं!" आणि बोचकं घेऊन माझ्याच लाँचमधून पलीकडे उतरली. वळूनसुद्धा बघितलं नाही. गेल्या आठवड्यात तिनं फाट्यावरच्या एसटीडीवाल्याकडे निरोप ठेवला. त्या गृहस्थानं तो चार गिऱ्हाइकांपुढं तिच्याच सुरात म्हणून दाखवला: "पाडव्याच्या आदल्या दिवशी काठावर उभी ऱ्हाते म्हनावं. लाँचीतनंच न्यायला या, लई मिरवता न्हवं तिला! न्हाय आलात तर सांजच्या एसटीनं पोराकडं जाते, मग परत येनं न्हाय." आई, पाडवा उद्या आहे.

ती गेल्यापासूनच लाँच तापायला लागली. आधी थोडी, मग रोज जास्त. मी मनाशी म्हणायचो, यंत्रालाही विरह होत असेल. शाळेतल्या कवितांनी माझं हे असं करून ठेवलंय. एरवी भवानीनगरच्या कारखान्यात पंपावर उभा जन्म काढलेला माणूस मी, मला ठाऊक आहे यंत्राला काय होतं ते. मागं एक नळी पाण्यात सोडलेली असते. पंप तिच्यातून पाणी ओढतो, इंजिनाच्या अंगाभोवती फिरवतो आणि तापलेलं पाणी बाजूच्या पाइपातून बाहेर टाकतो. मनगटाएवढी धार पडायला हवी. ती करंगळीएवढी झाली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. बेल्ट ताणून बघितला, ढिला नाही. पंप खोलला, आतला रबरी पंखा शाबूत. तेलाची काडी ओढून बघितली. तेल पांढरं पडलेलं नाही, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. नळी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत गेलो. तिच्या तोंडाच्या जाळीला जलपर्णी अडकली असेल म्हणून काठावरून ओणवा होऊन पाण्यात हात घातला. जलपर्णी नव्हती. मऊ मऊ शेवाळ लागलं, ते वरवर पुसलं. शेवटी ठरवलं, आत क्षार धरलाय, याला आता इलाज नाही.

तरीसुद्धा आज सकाळी निघालो. वळसा घालून जाणारी एसटी सोडून दिली, कारण ती म्हणाली होती लाँचीतनंच या. सोबत एक दूधवाला होता, किटल्या घेऊन. मध्यावर गेलो आणि वाफ इतकी उसळली की मला इंजिन बंद करावं लागलं. दूधवाला म्हणाला, "तात्या, ही लाँच हाय का आधन? दूध माझ्याकडं हाय, चापत्ती तेवढी टाका." मला हसू आलं नाही. पलीकडचा काठ दिसत होता. बाभळीखाली काहीतरी हिरवं होतं. लुगडं असेल, झुडूप असेल, माझे डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत. मी हात हलवला. हिरवं हललं नाही. वारा आम्हाला मागं रेटत होता. दोघांनी वल्ही मारत लाँच कशीबशी अलीकडे लावली, त्या हिरव्याकडे पाठ करून.

आई, त्या वेळी मला तुझ्यासमोर बसून रडावंसं वाटलं. चुलीपाशी, तू भाकरी थापत असताना. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण बाजारातून लोकर विकून येताना माझ्यासाठी जुनं मराठीचं पुस्तक आणलंस, कडेला वाळवी लागलेलं. मी कविता म्हणायचो आणि तू भाकरीवर ताल धरायचीस. कडवं चुकलं की थाप चुकायची. तू रागावलेली मला एकदाच आठवतेस. आबांच्या पायातून नारू निघाला होता. तू तो पांढरा दोरा रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून बाहेर काढायचीस आणि आबा दात आवळून बसायचे. तेव्हापासून घरात न गाळलेला थेंब चालायचा नाही. एक दिवस तू मेंढरांमागं गेलीस आणि हंडा मी भरला, कालच्याच फडक्यातून. आलीस, फडक्याला हात लावलास आणि अख्खा हंडा अंगणात उपडा केलास. "घान कुठं जाती रं? फडक्यातच बसती न्हवं? उलटं करून धुतल्याबिगर पुन्यांदा बांधायचं न्हाय! पानीबी जात न्हाय मग त्यातनं, बघ की, कसं ठिबाकतंय!"

ठिबकतंय.

मऊ लागलं होतं हाताला. शेवाळ बुळबुळीत असतं, आई. ते मऊ होतं, पण बुळबुळीत नव्हतं.

काठावर जाऊन आलो. नळी ओढून वर घेतली. जाळीला लुगड्याचं दुहेरी फडकं बांधलेलं होतं, चिखलानं लिंपल्यासारखं झालेलं. गाठ तुझी होती. हंड्याला मारायचीस ती, एक टोक ओढलं की सुटणारी. तुझ्या हाताखाली जेमतेम चार वर्षं राहिली तुझी सून, तेवढ्यात शिकली असणार. रोज सांजेला धुण्याचं निमित्त करून ती काठावर यायची, लाँचच्या मागच्या बाजूला वाकून बसायची आणि मला शिव्या घालायची, "ह्या डबड्यापायी घर इसरलात!" मी पुढं बसून कविता गुणगुणायचो. मला वाटायचं, भांडायला येते. ती माझ्या इंजिनाचं पाणी गाळत होती, आणि रोजच्या रोज फडकं उलटं करून धूत होती. यंत्राला विरहबिरह काही नव्हता. फडकं धुणारं माणूस नव्हतं.

फडकं सोडून घेतलं, इंजिन सुरू केलं. मनगटाएवढी धार पडली, कोमट. मी तिच्याखाली हात धरून उभा राहिलो. आणि काय उपयोग? दिवस पाण्याला टेकला होता. पलीकडची एसटी केव्हाच सुटली असेल. बाभळीखाली आता काही हिरवं नव्हतं. म्हणजे सकाळी तीच होती, आई. झुडूप असतं तर राहिलं असतं.

हे पत्र टाकू कुठं? तुझा पत्ता होता त्या गावावर आता पाच पुरुष पाणी आहे. राहू दे पुस्तकात. एक मात्र सांगतो. मी काठावर सगळ्यांना म्हणत होतो, जेवणाचे हाल होतात म्हणून बायकोला आणायला चाललोय. खोटं आहे. भाकरी मला येते, तूच शिकवलीस. रोज जेवणं झाल्यावर मी कविता म्हणायला लागलो, की दुसऱ्या कडव्याला ती बसल्या जागी झोपायची. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण समोर झोपायला ती लागते.

कडी वाजली. दूधवाला असेल, आता आणखी काय बोलायचं राहिलंय त्याचं.

दारात तुझी सून उभी आहे. काखेत बोचकं, पायांवर फाट्यापासूनची धूळ. बारामतीची एसटी वळसा घालून आपल्याच फाट्यावरून जाते, तिच्यातून मध्येच उतरलेली दिसते. माझ्याकडे बघतही नाही. मी काठावरून आणून दोरीवर टाकलेल्या, अजून निथळणाऱ्या फडक्याकडे बघतेय.

"उलटं करून धुतलं का," विचारतेय, "का नुसतंच पिळलं?"